फासा कोणी लिहिला?

विहारात कवड्या आणि फासे चालतील का, यावर आमच्या वस्तीत चांगलाच वाद झाला. दर रविवारी दुपारी आठवी ते अकरावीच्या मुलामुलींचा गणिताचा वर्ग आम्ही तिथे घेतो. फळ्यावर बेरजा-भागाकार चालले होते तोपर्यंत कुणाची हरकत नव्हती. संभाव्यता शिकवायला सुरुवात केली, सतरंजीवर फासे आले, आणि एका ज्येष्ठ उपासिकेने सरळ विचारले, "काय रे बाबांनो, विहारात जुगार शिकवता का? बाबासाहेबांनी हे सांगितलं होतं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत: जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो, संपत्ती घटते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात, लग्नासाठी कुणी विचारत नाही. आपल्या वस्त्यांत या सहाच्या सहा गोष्टी आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तेव्हा त्या आजींची काळजी खरी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की मुलाला फाशापासून लांब ठेवून हे तोटे टळत नाहीत. फासा त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आधीच आहे. त्याला तो आतून उघडून दाखवायचा की नाही, हा खरा प्रश्न आहे.

संभाव्यता हा विषय शाळेत नाही असे नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये तो धडा आहे. अकरावीला क्रमचय आणि संचय येतात, ज्याला कॉलेजात सगळे परम्युटेशन-कॉम्बिनेशन म्हणतात. पण शिकवला कसा जातो? 'एक फासा टाकला असता सम संख्या मिळण्याची संभाव्यता काढा.' मूल लिहिते, तीन छेद सहा, म्हणजे एक छेद दोन. गुण मिळतो. त्याने फासा हातात घेतलेला नसतो, शंभर वेळा टाकून मोजलेले नसते. आणि तेच मूल संध्याकाळी मित्राला सांगते, "पाच वेळा छापा आला ना, आता काटा येणारच." म्हणजे परीक्षेतील गणित एका कप्प्यात आणि जगण्यातला विश्वास दुसऱ्या कप्प्यात. शाळेने दोघांची गाठच घालून दिली नाही.

ती गाठ खेळाने पडते. एक सोपा खेळ सांगतो. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने खरोखर नाणे वीस वेळा उडवून छापा-काटा लिहायचा. दुसऱ्याने नाणे न उडवता मनानेच वीस नोंदी लिहायच्या. कुठली यादी कुणाची हे न सांगता वह्या ताईकडे द्यायच्या, आणि ताईने ओळखायचे. ताई बहुतेक वेळा बरोबर ओळखते. मुलांना वाटते हिला काहीतरी सिद्धी आहे. सिद्धी नाही. मनाने लिहिणारा माणूस ओळीने चार छापे लिहायला कचरतो, त्याला ते 'नैसर्गिक' वाटत नाही. खरे नाणे मात्र कचरत नाही. वीस वेळा उडवले तर ओळीने चार किंवा जास्त वेळा तेच येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे. हे एकदा कळले की 'आता काटा येणारच' हे वाक्य ते मूल पुन्हा त्याच खात्रीने बोलत नाही.

दुसरा खेळ आपल्या घरातलाच. चिंचोके फोडून त्यांच्या फाका करायच्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. अशा चार फाका टाकून दान मोजायचे. एक पांढरी वर आली तर एक, दोन आल्या तर दोन, तीन आल्या तर तीन, चारही पांढऱ्या आल्या तर चार आणि चारही तपकिरी आल्या तर आठ. आपल्या आज्या चल्लस-आठ खेळल्या त्याच या फाका. आता मुलांनी सगळ्या शक्यता लिहून काढायच्या. प्रत्येक फाकेच्या दोन बाजू, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, सोळा. एक पांढरी येण्याचे मार्ग चार, दोन पांढऱ्या येण्याचे सहा, तीनचे चार, चारही पांढऱ्या येण्याचा एक आणि एकही पांढरी न येण्याचा एक. क्रमचय-संचयाचे सूत्र पाठ न करता मुलांनी १, ४, ६, ४, १ ही ओळ स्वतः शोधलेली असते.

मग खरी गंमत. एखादी मुलगी विचारते, चार पांढऱ्या आणि चार तपकिरी, दोन्ही सोळातून एकदाच, तर मग एकाला चार आणि एकाला आठ का? पुस्तकात याचे उत्तर नाही. उत्तर मिळवायचे तर फाका दोनशे वेळा टाकून नोंदी कराव्या लागतात. फाकेची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या वेळा पडतील असे मानायचे कारणच काय? आपण मानले होते, तपासले नव्हते. गृहीतक आणि निरीक्षण यांतला फरक शिकवायला आम्हाला यापेक्षा चांगले साधन सापडलेले नाही, आणि त्याला खर्च शून्य.

१, ४, ६, ४, १ या ओळीला पाश्चात्त्य पुस्तके पास्कलचा त्रिकोण म्हणतात. आपल्याकडे छंदःशास्त्रात, म्हणजे कवितेतील लघु-गुरू अक्षरांच्या रचना मोजण्याच्या शास्त्रात, पिंगलाच्या परंपरेत तोच 'मेरुप्रस्तार' म्हणून फार आधीपासून माहीत होता. हे सांगितले की काहीजण छाती फुगवतात, 'आमच्याकडे सगळे होतेच'. होते, पण कुणाकडे होते? ते संस्कृतात होते, आणि विसाव्या शतकात मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या हुशार विद्यार्थ्यालाही संस्कृत नाकारून फारसी घ्यायला लावली गेली. मेरुप्रस्ताराचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हा दुसरा भाग गाळू नये. चिंचोक्यांच्या फाका टाकून तोच मेरू वस्तीतली मुलगी स्वतः उभा करते, तेव्हा तिला कुणाच्या परवानगीची गरज राहत नाही.

आता सापशिडी. हा खेळ मोक्षपट म्हणून जुना आहे. तो संत ज्ञानेश्वरांनी रचला असे म्हटले जाते, ते खरे-खोटे इतिहासकारांवर सोडू. मुद्दा त्याच्या पटाचा आहे. शिडी म्हणजे पुण्य, साप म्हणजे पाप, वरच्या टोकाला मोक्ष. पण खेळ नीट पाहा. सापशिडीत खेळणारा एकही निर्णय घेत नाही. फासा पडतो, सोंगटी सरकते, साप गिळतो. खेळाडूच्या जागी संगणक बसवला तरी काही फरक पडत नाही. आम्ही मुलांना हेच करायला लावतो: सापशिडीचा प्रोग्राम लिहा, दोन खेळाडू ठेवा, हजार डाव खेळवा. निकाल जवळजवळ निम्मे-निम्मे येतात, पहिला फासा टाकणाऱ्याला किंचित जास्त. मग विचारतो, यातला पुण्यवान कोण आणि पापी कोण?

मुले हसतात, आणि मग काही वेळ गप्प होतात. कारण फाशाने पडलेले दान आणि त्यावर नंतर चिकटवलेले पाप-पुण्याचे लेबल ही युक्ती त्यांच्या ओळखीची असते. आपल्या आजी-आजोबांना हेच सांगितले गेले होते, मागच्या जन्मीचे कर्म म्हणून या जन्मी ही जात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या या सिद्धांताची चिकित्सा करून तो नाकारला आहे. आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा हे तात्त्विक मुद्दे म्हणून वाचले. सापशिडीच्या हजार डावांपुढे बसलेल्या तेरा वर्षांच्या पोराला ते आमच्यापेक्षा लवकर कळते.

इथे एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. 'कर्म नाही, तर मग सगळे योगायोग' असे काही तरुण कार्यकर्ते बोलू लागतात. तेही धम्माला धरून नाही. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात बुद्धांनी तीन मते एकत्र नाकारली आहेत: सर्व काही पूर्वकर्माने घडते, सर्व काही ईश्वराने निर्मिले, आणि सर्व काही कारणाविना घडते. तिसरे मतही नाकारले आहे हे लक्षात ठेवा. संभाव्यता म्हणजे कारण नाही असे नव्हे. फासा कारणांनीच पडतो, हाताचा जोर, उंची, जमिनीचा खडबडीतपणा. ती सगळी कारणे आपल्याला एकेका दानाला मोजता येत नाहीत, म्हणून आपण पुष्कळ दाने मोजतो आणि त्यातून नियम शोधतो. आणि मोजणी अपेक्षेपेक्षा वेगळी आली की कारण शोधायला निघतो.

संगणकाची खरी गरज याच टप्प्यावर लागते. शिकवण्याची जी महागडी ॲप हप्त्यांवर गरीब पालकांच्या गळ्यात मारली गेली, त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही. त्यात फासा रंगीत असतो, फिरतो, आवाज करतो, पण मुलाने फक्त बटण दाबायचे. आम्हाला उलट हवे आहे. मुलाने फासा लिहायचा. स्क्रॅच ही एमआयटीची मोफत प्रणाली आहे, ठोकळे जोडून त्यात प्रोग्राम करता येतो. ते जमत नसेल तर साधी स्प्रेडशीट पुरते, तिच्यातील 'रँडबिटवीन' या सूत्राला एक आणि सहा दिले की फासा तयार. सूत्र खाली ओढले की हजार दाने. जिओजिब्राही मोफत आहे, मोबाइलवर चालते.

फासा लिहिता आला की पुढचा गृहपाठ: खोटा फासा लिहा. म्हणजे एक ते सहाऐवजी एक ते सातमधून आकडा काढायचा, आणि सात आला की गुपचूप त्याचा एक करायचा. आता एक हा आकडा सातातून दोनदा येणार आणि सहा सातातून एकदाच. हा फासा शेजारच्याला खेळायला द्यायचा. दहा-वीस दानांत त्याला काहीच संशय येत नाही. तो म्हणतो, "आज माझं नशीब खराब आहे." पाचशे दानांची नोंद केली की फसवणूक आकड्यांत दिसते. ज्या मुलाने स्वतः एका ओळीत फासा खोटा केला आहे, ते मूल पुढे कुठलेही ॲप उघडताना विचारते, हा फासा कोणी लिहिला?

पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्या कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा तर दोन्ही बंद. कायदा आला हे बरेच झाले. पण मटकाही कायद्याने बंदच आहे, आणि तो कुठे कुठे चालतो हे वस्तीतल्या कार्यकर्त्याला सांगायला नको. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर तो सुरू झाला आणि गिरणगावातल्या कामगारांच्या पगारावर पोसला गेला. दहा आकड्यांतला एक, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये असा भाव धरा. दहा जणांनी दहा वेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जमले, नऊ परत गेले, एक रुपया चालवणाऱ्याचा. आकडा पूर्ण प्रामाणिकपणे काढला तरी. लबाडीची गरजच नाही. हे गणित करायला पाचवीची इयत्ता पुरते, आणि तरी ते आपल्या पोरांना कुणी करून दाखवत नाही.

क्रिकेटच्या काल्पनिक संघाचेही तसेच. बावीस खेळाडूंतून अकरा निवडायचे मार्ग ७,०५,४३२. त्यातून कर्णधार आणि उपकर्णधार निवडायचे म्हणजे प्रत्येकाला ११० गुणा, एकूण ७,७५,९७,५२०. खेळाच्या अटींमुळे यातले बरेच बाद होतात, तरी उरतात ते कोट्यांत. 'मला क्रिकेट कळतं' म्हणणाऱ्या पोराला हा आकडा त्याच्याच हाताने काढू द्या. व्यसनमुक्तीच्या भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो असा आमचा अनुभव आहे. सगळ्यांवर होतो असे म्हणणार नाही. ज्याच्यावर आधीच कर्ज झाले आहे त्याला गणित नको असते, त्याला माणसे लागतात.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापतात. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर सरासरी लाभ शून्य, तोटाही शून्य. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले आणि उरलेल्या तिनांतून निवडला, तर सरासरीने त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक नवमांश पदरात पडतो. नीटमध्ये बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, तिथे डोळे मिटून केलेल्या निवडीचाही सरासरी लाभ पाव गुण. आपल्या मुलांना 'माहीत नसेल तर हात लावू नका' हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि आपली पहिल्या पिढीची मुले आज्ञाधारकपणे जागा कोरी सोडून येतात. ज्यांच्या घरी हिशेब माहीत असतो, ती मुले सोडत नाहीत. निकाल लागला की या फरकालाही गुणवत्ता म्हणतात.

गुणवत्तेचा विषय निघालाच आहे तर प्रतिनिधित्वाकडे येऊ. एका पिशवीत वीस मणी घ्या, तीन निळे आणि सतरा पांढरे, म्हणजे १५ टक्के निळे. न पाहता एक मणी काढा, रंग लिहा, परत टाका. असे तीस वेळा. एकही निळा आला नाही, असे किती वेळा होईल? मुले पिशवीवर करतात, मग संगणकावर हजार वेळा करतात. सूत्राने उत्तर सुमारे ०.००७६, म्हणजे हजारातून सात-आठ वेळा. आता तीस जागांच्या अशा एखाद्या यादीकडे पाहा जिथे अनुसूचित जातीचा एकही माणूस नाही. मग ते महाविद्यालयाचे अध्यापक असोत वा वृत्तवाहिनीचे संपादक. 'योगायोग आहे हो' हे उत्तर तिथे टिकत नाही.

पण या आकड्याने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी काटेकोरपणे समजून घ्यावे. निवड आंधळेपणाने आणि सर्वांतून सारखी झाली असती तर असे क्वचितच घडले असते, एवढेच तो सांगतो. अडथळा कुठे आहे, मुलाखतीत, अर्ज करण्याआधी, शाळेत की घरात, ते आकडा सांगत नाही. ते शोधावे लागते. व्यासपीठावरून '०.००७६ म्हणून जातीयवाद सिद्ध' असे बोललात तर समोरचा एका प्रश्नात तुम्हाला आडवा पाडेल. 'योगायोग हे कारण चालणार नाही, दुसरे कारण सांगा, आणि अर्जदारांची यादी दाखवा' असे बोललात तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

आणि मोजणीनेच कसे फसवले जाते, त्याचे ताजे उदाहरण आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये अध्यापक भरतीसाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरायचा आदेश काढला. तेरा बिंदूंच्या त्या रोस्टरमध्ये पहिले ओबीसी पद चौथे, अनुसूचित जातीचे पहिले पद सातवे, आणि अनुसूचित जमातीचे चौदावे. आता स्प्रेडशीट उघडा. तीस विभाग, प्रत्येकी सहा पदे, एकूण १८०. पूर्ण विद्यापीठ एकक धरले तर १५ टक्क्यांनी अनुसूचित जातीची २७ पदे. विभाग एकक धरला तर पहिल्या भरतीत शून्य. टक्केवारीला कुणी हात लावला नाही, राज्यघटनेचे कलम बदलले नाही, फक्त भागाकार कुठे करायचा ते बदलले आणि २७ माणसे नाहीशी झाली. देशभर आंदोलन झाले, २०१९ मध्ये संसदेला कायदा करून विद्यापीठ आणि महाविद्यालय हेच एकक ठरवावे लागले. त्या आंदोलनात घोषणा देणारे पुष्कळ होते. हा भागाकार फळ्यावर मांडून दाखवू शकणारे किती होते?

राहिला वर्ग कसा चालवायचा. आमच्यापैकी कुणाकडे गणिताची पदवी नाही. दहावीचे पुस्तक पुन्हा वाचून, आधी आपसांत फासे टाकून आम्ही शिकलो. गणिताचा शिक्षक मिळेपर्यंत थांबायचे ठरवले असते तर अजून थांबलोच असतो. साहित्य म्हणाल तर चिंचोके, नाणी, मणी, दोन वह्या, आणि एक जुना लॅपटॉप. जयंतीच्या डीजेचा एक तासाचा खर्च यात वर्षभर पुरतो, पण तो वाद वेगळा.

अडचण एका गोष्टीची येते, आणि ती पैशाची नाही. घरात मोबाइल एक असतो, आणि तो भावाच्या हातात असतो. वर्गात फासा लिहिण्यात मुली पुढे असतात, पण घरी सराव करायला फोन मिळत नाही म्हणून पुढच्या रविवारी मागे पडतात. आम्ही नियम केला आहे की विहारातल्या लॅपटॉपवर पहिला तास मुलींचा. त्यावर मुलांनी कुरकुर केली, दोन पालकांनीही केली. नियम बदललेला नाही. आणि त्या आजींना आम्ही एका रविवारी चिंचोक्यांच्या फाका टाकायला बसवले. चार तपकिरी आणि चार पांढऱ्या यांतला फरक त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. नोंदवहीत त्यांची चाळीस दाने आहेत, मुली ती आपल्या दोनशेत मिळवणार आहेत.